ट्रॉलीतली थंडी आणि बारा व्होल्टची ऊब

नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव, मुखेड, कंधार, लोहा या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पिठाचं पोतं, सरपण, एखादी शेळी, कोंबड्यांचं डालगं आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं-माणसं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी सीमा ओलांडून कर्नाटकात. वाटेतल्या रात्री ट्रॉलीतच जातात, आणि उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहीपर्यंत मुक्कामही तिथंच. टोळी कोपीत गेली तरी ट्रॅक्टरवाल्याची सुटका नसते. उसाची गाडी कारखान्याच्या यार्डात नंबराला लागली की रात्र तिथंच काढायची. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हाही ट्रॉलीवर ताडपत्री ओढून अख्खी कुटुंबं उघड्या माळावर मुक्कामाला असतात. घोडे, उंट, गाढवं यांच्या त्या मोठ्या बाजारात विकणारा आणि घेणारा दोघेही थंडीतच झोपतात.

या सगळ्यांच्या हाताशी बारा व्होल्टची एक बॅटरी असते. तिच्यावर बल्ब लागतो, टेप वाजतो, मोबाइल चार्ज होतो. मग लेकरांना ऊब देण्याइतकी वीज तिच्यातून का मिळू नये, असं दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. परदेशात गाडीला जोडून न्यायच्या छोट्या घरांत, म्हणजे कॅरॅव्हॅनमध्ये सुट्टी घालवणारे लोकही नेमका हाच प्रश्न विचारतात. फरक एवढाच की त्यांची ती हौस आहे आणि आपल्याकडे तो पोटापाण्याचा भाग आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बारा व्होल्टची ऊब माणसाला पुरते, खोलीला पुरत नाही. हे एकदा नीट कळलं की पुढचा पैसा आणि जीव दोन्ही वाचतात.

मराठवाडा म्हटलं की ऊन आणि टँकर आठवतात, थंडी कुणाच्या मनात येत नाही. पण डिसेंबर २०१८ च्या शेवटी परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. दरवर्षी तेवढी थंडी पडत नाही. तरी डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की नांदेड-लातूरकडे पारा दहाच्या खाली जातो, आणि ओलित केलेल्या उसाच्या फडात, नदीकाठच्या खोलगट रानात गावापेक्षा थंडी जास्तच असते. शिवाय दुपारी अठ्ठावीस-तीस अंश असतात. दिवसभर घामानं भिजलेलं अंग पहाटे दहा अंशांत उघड्यावर आलं की त्याला फार सोसावं लागतं. कोयता पहाटे चालतो, त्यामुळं थंडीचा सगळ्यात वाईट प्रहर नेमका उठायचा असतो.

आता बॅटरीचा हिशोब. १०० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॉट-अवर, आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत सव्वा युनिटसुद्धा नाही. ही जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी असेल तर तिच्यातून निम्म्याहून जास्त काढायचं नाही, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे हातात उरलं ६०० वॉट-अवर. पाचशे वॉटचा छोटा हीटर त्याच्यावर तास-सव्वातास चालेल. लिथियम फॉस्फेटची बॅटरी असली तर ऐंशी-नव्वद टक्के काढता येतं, म्हणजे आणखी एक तास. रात्र मात्र आठ-दहा तासांची असते.

दुसऱ्या बाजूला ट्रॉली किती ऊब गमावते ते बघा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, वर ताडपत्रीचा हूड धरून पाच फूट उंच, अशी ट्रॉली धरू. तळ, छत, चारी बाजू मिळून साधारण २६ चौरस मीटर. पत्रा किंवा ताडपत्री उष्णतेला जवळजवळ अडवतच नाही. बाहेर दहा अंश असताना आत वीस ठेवायचे असतील तर ढोबळ दीड हजार वॉट सतत लागतील, आणि फटीतून येणारा वारा धरला तर त्याहून जास्त. आठ तासांचे झाले बारा युनिट. वरच्या हिशोबाच्या वीस बॅटऱ्या! ट्रॉलीत माणसं बसवायची की बॅटऱ्या, असा प्रश्न पडेल. पत्र्याचा हा स्वभाव लातूर-धाराशिवकडच्या लोकांना वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ज्यांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात हिवाळा काढला, त्यांनी तो अंगावर घेतला आहे.

बॅटरी मोठी घेतली तरी एक अडचण उरतेच, ती वायरची. व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच वॉटसाठी करंट जास्त. पाचशे वॉटचा हीटर घरात २३० व्होल्टवर दोन-सव्वादोन अँपिअर घेतो, तोच बारा व्होल्टवर बेचाळीस अँपिअर ओढतो. गावात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत पाच मीटर ओढली, जाऊन-येऊन दहा मीटर, तर बेचाळीस अँपिअरला तिच्यात तीन व्होल्ट जिरतात. बारातले तीन! जवळजवळ पाऊणशे ते सव्वाशे वॉट वायरमध्येच तापून जातात, आणि ती तापते कुठं, तर पाचट, वाकळी आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीच्या बाजूनं. वायरवर हात ठेवला तर आधी कोमट, मग चटका, मग वरचं पीव्हीसी मऊ होऊन बोटाला चिकटतं. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. शॉक बसत नाही हे खरं, पण आग लागायला शॉकची गरज नसते. ढिला लग, पिळून टेप मारलेला जोड, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार, एवढं पुरतं. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर योग्य अँपिअरचा फ्यूज नसेल तर बारा व्होल्टवर काहीही तापवायला बसूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ई-रिक्षातल्या चार बॅटऱ्या ओळीनं जोडून अठ्ठेचाळीस व्होल्ट केले की करंट पावपट होतो आणि वायरची अडचण बरीचशी सुटते. पण उष्णता काही वाढत नाही, बॅटऱ्या तेवढ्याच लागतात. वायर बारीक चालते, इतकाच त्याचा फायदा.

ट्रॅक्टरची स्वतःची बॅटरी तर या कामाला वापरूच नये. ती सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. दोन-चार सेकंद दणकून करंट द्यायचा आणि मग इंजिनानं पुन्हा भरून घ्यायची, एवढ्याच हिशोबानं तिच्या प्लेटा पातळ ठेवलेल्या असतात. रात्रभर हळूहळू उपसली तर काही महिन्यांत ती कामातून जाते. त्याआधीच एखाद्या पहाटे यार्डात नंबर पुढं सरकतो, मागच्या गाड्या हॉर्न मारतात आणि सेल्फ नुसता टिक-टिक करतो. एका रात्रीच्या उबेपायी खेप हुकते. झोपेसाठी वेगळी बॅटरी हवी, आणि ती इन्व्हर्टरची ट्युब्युलर जातीची असेल तर उत्तम. आपल्याकडे लोडशेडिंगनं ती घरोघर पोचवलेली आहेच.

बाजारात सिगारेट-लायटरच्या सॉकेटला लावायचे छोटे हीटर-फॅन मिळतात. त्यांच्याकडून आशा धरू नये. सॉकेटचा फ्यूजच दहा-पंधरा अँपिअरचा, म्हणजे दीडशे वॉटच्या पुढं त्यांना जाता येत नाही. दीडशे वॉट म्हणजे शांत झोपलेल्या दोन माणसांच्या अंगातून आपोआप बाहेर पडते तेवढी ऊब. काच पुसायला ठीक, बाकी नाही.

थंड देशांतल्या कॅरॅव्हॅनवाल्यांनी हा पेच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला आहे. विजेचं कनेक्शन असलेल्या तळावर ते सरळ २३० व्होल्टचा हीटर लावतात. कनेक्शन नसेल तिथं गॅस किंवा डिझेल जाळतात आणि बारा व्होल्टकडून फक्त पंखा आणि पंप चालवून घेतात. एबरस्पेशर, वेबॅस्टो या जर्मन कंपन्यांचे डिझेल हीटर यासाठीच नावाजले आहेत. हल्ली त्यांच्यासारखे चिनी हीटरही मिळतात. एक लिटर डिझेलमध्ये जवळपास दहा युनिट उष्णता असते, म्हणजे वरच्या हिशोबाच्या सोळा-सतरा बॅटऱ्या एका बाटलीत. हीटरला लागणारी वीज चालू होताना थोडा वेळ जास्त, नंतर वीस-तीस वॉट. तंत्र म्हणून हे उत्तम आहे. पण त्याचा धूर पक्क्या नळीनं गाडीच्या खालून बाहेर काढावा लागतो, आणि ताडपत्रीच्या हूडखाली, हलत्या ट्रॉलीत, जोडकाम कुणी घाईनं केलं तर तीच नळी जिवावर उठते. ऊसतोडीच्या ट्रॉलीला मी ते सुचवणार नाही. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटकांच्या तशा पक्क्या बंदिस्त गाड्यांना असा हीटर शोभेल.

आणि शेगडी. इथं मात्र थांबून बोललं पाहिजे. थंडी वाढली की कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे ट्रॉलीत, कोपीत, ट्रकच्या केबिनमध्ये घेऊन झोपायची सवय आपल्याकडे आहे. धूर निघतो तोवर माणूस सावध असतो. धूर संपला, निखारे लाल झाले की ताडपत्री खाली ओढली जाते, आणि खरा धोका तेव्हा सुरू होतो. धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि दमलेल्या माणसाला ती झोपच वाटते. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली कुटुंबं सकाळी उठलीच नाहीत अशा बातम्या येतात. निखारे बाहेर, माणसं आत, हा नियम लहान लेकरालाही पाठ असायला हवा. विजेच्या उबेचं सगळ्यात मोठं मोल मला इथं दिसतं. ती हवा खात नाही.

हवा तापवायची नाही, निखारे आत आणायचे नाहीत, मग करायचं काय? याचं उत्तर आपल्याच लोकांनी आणि शेजाऱ्यांनी करून दाखवलं आहे. नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर पंजाब-हरियाणाचे शेतकरी आंदोलनासाठी दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमेवर ट्रॉल्यांमध्ये राहिले. १ जानेवारी २०२१ ला दिल्लीत पारा १.१ अंशावर होता. त्याआधीच्या डिसेंबरात नाशिकहून निघालेला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचा जथाही राजस्थान-हरियाणाच्या शहाजहानपूर सीमेवर जाऊन पोचला होता. त्या हिवाळ्यात थंडीनं माणसं दगावलीही, हे विसरता येत नाही. पण ज्या ट्रॉल्या नीट बांधल्या होत्या त्यांत तळाला पेंढ्याचा जाड थर, त्यावर गाद्या, वर दुहेरी ताडपत्री, आणि विजेला काम फक्त दिवा आणि मोबाइलचं. ऊब पेंढा आणि माणसं मिळून देत होती.

झोपलेला मोठा माणूस सत्तर-पंचाहत्तर वॉट उष्णता बाहेर टाकतो. ट्रॉलीत चौघं झोपले तर तीनशे वॉटचा हीटर विनाबॅटरी रात्रभर चालू असतो. प्रश्न ती उष्णता राखण्याचा आहे. वर धरलेल्याच ट्रॉलीला आतून चारी बाजू, छत आणि तळाला एक इंच थर्माकोल दिला, त्यावर प्लायवुड ठोकलं (थर्माकोल उघडा कधीच ठेवू नये, ठिणगीला तो वितळत पेटतो), आणि चौघांना लागेल तेवढी ताजी हवा आत येऊ दिली, तर दर अंशाच्या फरकाला साधारण पन्नास वॉट लागतात. म्हणजे माणसांच्या तीनशे वॉटवर आतली हवा बाहेरपेक्षा सहा अंश वर राहते. बाहेर दहा तर आत सोळा, आणि वीज शून्य.

प्रत्येकाला प्लायवुड परवडणार नाही, म्हणून क्रम सांगतो. पहिला पैसा तळावर घालावा. वाकळ कितीही जाड असली तरी अंगाखाली दबून पातळ होते आणि लोखंडी तळ तिच्यातून ऊब ओढून घेतो. पाठ आणि कंबर पहाटे आखडते ती त्यामुळं. बारदानात सोयाबीनचं भुसकट किंवा कोरडं पाचट दाबून भरून तीन-चार इंचांची उशागत बिछायत केली तर सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक पडतो. पाचटात अडकलेली हवा ऊब धरते. ऊसतोडीवाल्यांची कोपी याच तत्त्वावर उभी आहे आणि पत्र्याच्या ट्रॉलीपेक्षा ती कितीतरी उबदार असते. तिचं भय एकच, आग. म्हणून चूल दूर, आणि बिडी-काडी बाहेर.

दुसरा पैसा वाऱ्याच्या बाजूवर. ट्रॉलीचा फाळका आणि ताडपत्री यांच्यामधल्या फटीतून येणारा वारा उत्तर-पूर्वेचा असतो, तेव्हा मुक्कामाला ट्रॉली उभी करतानाच तिचं उघडं तोंड दक्षिणेला ठेवावं. पण सगळंच गच्च बंद करू नये. झोपलेली माणसं रात्रभर श्वासातून, घामातून पाणी बाहेर टाकतात, चौघांचं मिळून लिटरभर तरी. ते थंड पत्र्यावर जमतं आणि पहाटे टपटप करत वाकळीवर पडतं. ओली वाकळ ऊब देत नाही, उलट घेते. खाली एका कोपऱ्यात आणि वर समोरच्या कोपऱ्यात तळहाताएवढी फट उघडी राहिली की ओल निघून जाते.

हे झालं की मग बारा व्होल्टला बोलवावं, आणि थेट अंथरुणात. बारा व्होल्टवर चालणारं तापतं ब्लँकेट चाळीस ते साठ वॉट घेतं, म्हणजे चार-पाच अँपिअर. त्याच अडीच मिलिमीटरच्या वायरमध्ये आता तीन नव्हे, पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी जिरतं. वायर गार राहते. थर्मोस्टॅट असेल तर ते रात्रभर अर्धा वेळच चालू राहतं, म्हणजे आठ तासांना दोनशे-अडीचशे वॉट-अवर. अशी दोन ब्लँकेटं १०० अँपिअर-अवरच्या शिशाच्या बॅटरीवर रात्र काढतात आणि बॅटरी अर्ध्यावरच थांबते. शंभर वॉटचं एक सोलर पॅनेल आपल्याकडच्या हिवाळी उन्हात, दक्षिणेकडे नीट कलतं ठेवलं तर, दिवसाला चारशे वॉट-अवर देऊ शकतं. हिशोब जुळतो. हवेला दीड हजार वॉट लागत होते, माणसाला पन्नास पुरले.

मात्र ब्लँकेट घडी घालून वापरायचं नाही. घडीत उष्णता कोंडते आणि तार जळते. ते अंगावर घेण्यापेक्षा अंगाखाली, वाकळीच्या एका पदराखाली बरं. झोपायच्या अर्धा तास आधी पूर्ण, नंतर कमीवर. तान्ह्या बाळाला त्यावर एकटं ठेवू नये, त्याला गरम होतंय हे सांगता येत नाही. ज्यांना मधुमेहानं पायाला कळत नाही, त्यांनाही कमी तापमानावर हळूहळू भाजतं आणि सकाळी फोड दिसतो. अशांसाठी ब्लँकेटनं अंथरूण आधी तापवून घ्यावं आणि झोपताना बंद करावं.

उष्णता साठवायची तर विजेपेक्षा पाणी स्वस्त पडतं, हे मला या सगळ्या हिशोबातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. दोन लिटर पाणी सत्तर अंशांवरून पस्तीसवर येताना ऐंशी वॉट-अवर उष्णता देतं. ब्लँकेटला रात्रभर लागते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. वीस लिटरचा कॅन पंचेचाळीस अंशांवरून वीसवर येताना जवळपास ५८० वॉट-अवर देतो, म्हणजे बॅटरीतून काढता येणाऱ्या सगळ्या विजेएवढी. त्याला चार्जर नको, फ्यूज नको. लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करासाठी जो उन्हावर तापणारा तंबू दाखवला, त्यात बाहेर उणे १४ असताना आत रात्री दहाला १५ अंश होते. दिवसाचं ऊन रात्रीसाठी राखून ठेवायचं, एवढंच त्याचं मूळ आहे. आपल्याकडची हिवाळी दुपार तर लडाखपेक्षा कितीतरी ऊबदार. काळ्या रंगाचा कॅन दुपारभर उन्हात, काचेखाली ठेवला, संध्याकाळी चुलीवरच्या कढत पाण्यानं त्याची कमी भरून काढली, घट्ट बूच लावून पोत्यात गुंडाळला आणि पायथ्याशी ठेवला, की बॅटरी दिव्यासाठी मोकळी राहते. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब असायचा त्यांना पाणी किती वेळ ऊब धरतं हे ठाऊक आहे.

इथं मला कारखान्यांशी बोलायचं आहे. २०२५ मध्ये नव्या ट्रकच्या चालक-केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. चालक किती तापतो हे सरकारनं मानलं, ते योग्यच झालं. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला आणि टोळी किती गारठते हा विषय मात्र कुठल्याच नियमात नाही. साखर कारखान्यात उसाच्या वजनाचा साधारण सत्तर टक्के भाग पाणीच असतं. रस आटवताना ते वाफ होऊन निघतं, पुन्हा पाणी होतं, आणि हंगामभर कारखान्याकडे गरम पाणी गरजेपेक्षा जास्त असतं. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज करून विकणारे कारखाने तर त्याहून पुढं गेलेले. नायगाव तालुक्यातल्या कुंटूरपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही यार्डात, वजनकाट्याच्या बाजूला, या पाण्याचा एक नळ काढून देणं अवघड नाही. ते पिण्याचं नसतं, तसा फलक लावावा. साठ अंशांचं वीस लिटर पाणी वीसवर येईपर्यंत ९३० वॉट-अवर देतं. नंबराला लागलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानं काटा केल्यावर आपला कॅन तिथं भरून घ्यावा, आणि रिकामी गाडी फडावर परत जाताना कोपीतल्या लेकरांसाठी आणखी दोन कॅन घेऊन जावं.